ठिणगी, शस्त्र आणि निरोप : क्रियाशील ऑक्सिजन-रेणू, प्रतिकारशक्ती आणि कर्करोग



आजचा विषय विज्ञानाचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोणती गोळी घ्यावी आणि कोणती घेऊ नये, हे सांगायला आम्ही इथे उभे नाही. आम्हाला एका कल्पनेचा इतिहास सांगायचा आहे. पण कल्पनांचा इतिहास म्हणजे निवांत विषय, असं कुणी समजू नये. या एका कल्पनेपायी हजारो माणसांनी वर्षानुवर्षं गोळ्या गिळल्या आणि त्यांतल्या काहींचं त्यामुळे नुकसान झालं. तिकडे आपण शेवटी येऊ.

औषधाच्या कुठल्याही दुकानात जा. काउंटरवरच डबे मांडलेले असतात आणि त्यांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक छापलेला असतो. त्यामागची गोष्ट आता सगळ्यांना पाठ झालेली आहे. शरीरात ‘फ्री रॅडिकल’ नावाचे दुष्ट रेणू तयार होतात, ते पेशी नासवतात, म्हातारपण आणतात, कॅन्सर आणतात. आणि डब्यातली गोळी त्यांचा नायनाट करते. नाटकात असतो तसा एक खलनायक आणि एक नायक. मुलांनासुद्धा समजेल इतकी सोपी गोष्ट. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे, की एखादा रेणू मुळात दुष्ट असू शकतो का? दुष्टपणा हा त्या रेणूत बसलेला गुण आहे, की तो कुठे आहे, किती आहे आणि कुणाच्या शेजारी आहे यावर ते ठरतं?

आधी थोडं रसायन, फार नाही. ऑक्सिजनचा रेणू स्वभावाने इलेक्ट्रॉनांचा भुकेला. आपण खाल्लेल्या अन्नातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते श्वासातून आलेल्या ऑक्सिजनला मिळतात, आणि चार इलेक्ट्रॉन पूर्ण मिळाले की त्याचं पाणी होतं. चारही हप्ते नीट चुकते झाले तर व्यवहार निर्धोक. पण हप्ता मध्येच थांबला तर अर्धवट प्राणी तयार होतात. एक इलेक्ट्रॉन मिळालेला तो सुपरऑक्साइड. दोन मिळाले की हायड्रोजन पेरॉक्साइड. हा तुमच्या ओळखीचा आहे. जखमेवर ओतला की फसफसून फेस येतो तोच. आणि तीन मिळाले की हायड्रॉक्सिल रॅडिकल, जो समोर येईल त्याला डसतो. या सगळ्या कुटुंबाला आपण आज ‘क्रियाशील ऑक्सिजन-रेणू’ म्हणू.

या कुटुंबाच्या इतिहासात दोन प्रवाह आहेत. बराच काळ ते एकमेकांची दखल न घेता वाहत होते. एका प्रवाहात हे रेणू गुन्हेगार आहेत. दुसऱ्यात ते शिपायाच्या हातातलं शस्त्र आहेत.

पहिला प्रवाह प्रीस्टलीपासून सुरू होतो. जोसेफ प्रीस्टलीने १७७४ साली भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं भस्म तापवलं आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण जोमाने जळताना पाहिली. गंमत अशी, की या वायूचं कौतुक करता करताच त्याला शंका आली. अशा शुद्ध वायूत मेणबत्ती लवकर संपते, तसं माणसाचं आयुष्यही लवकर जळून गेलं तर? म्हणजे प्राणवायूचा शोध आणि प्राणवायूचा संशय ही जुळी भावंडं. पुढे पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिलं, की दाबाखालचा ऑक्सिजन प्राण्यांना झटके आणतो आणि मारूनही टाकतो.

विषबाधा होते हे कळलं, पण ती कशाने होते हे कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली. मध्ये १९०० साली मोझेस गोम्बर्गने पहिलं सेंद्रिय मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, बाटलीत तयार करून दाखवलं होतं. पण ते रसायनवाल्यांच्या बाटलीतच राहिलं. सजीवाच्या आत असलं काही असेल, असं कुणाला वाटत नव्हतं. १९५४ साली रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेत काम करताना आपल्या सहकाऱ्यांसह एक धाडसी विधान केलं. जास्त ऑक्सिजनमुळे होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा या दोन्हींच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे आणि ती म्हणजे मुक्त मूलकं. दोन वर्षांनी डेनहॅम हार्मनने म्हातारपणसुद्धा याच खात्यावर टाकलं. आणि १९६९ साली ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना कळलं, की रक्तातलं एक तांब्याचं प्रथिन सुपरऑक्साइड नष्ट करण्याचंच काम करतं. हे प्रथिन १९३८ पासून माहीत होतं, फक्त त्याचा धंदा काय ते कुणाला ठाऊक नव्हतं! आता शरीरानेच या रेणूंसाठी कोतवाल नेमलेला सापडल्यावर दुसरा निष्कर्ष कोण काढणार? कोतवाल आहे त्या अर्थी चोर आहे. खलनायकावर शिक्कामोर्तब झालं.

आता दुसरा प्रवाह बघा. याची सुरुवात १८८२ साली सिसिलीमधल्या मेसिना गावात होते. एली मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. त्याने ओळखलं, की या पेशी उपऱ्याला गिळायला आल्या आहेत. भक्षक पेशींची कल्पना ती हीच. जाता जाता सांगतो, या घराण्याचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. ओडेसामध्ये मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईला आला आणि त्याने १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

पण गिळणं वेगळं आणि मारणं वेगळं. गिळलेला जंतू मरतो कसा? १९३३ साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी पाहिलं, की जंतू गिळताना पांढऱ्या पेशींचा श्वास एकदम वाढतो, त्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. त्यांनी सरळ अर्थ लावला, की गिळायला कष्ट पडतात आणि कष्टाला इंधन लागतं. पळणाऱ्या माणसाला धाप लागते तसंच हे. अर्थ अगदी तर्कशुद्ध होता, आणि चुकीचा होता. १९५९ साली स्बारा आणि कार्नोव्स्की यांच्या प्रयोगांतून दिसलं, की नेहमीची श्वसनयंत्रणा विषाने बंद पाडली तरी पेशी गिळतच राहते. गिळण्याची ऊर्जा तिला ऑक्सिजनशिवायही मिळते. मग हा वाढीव ऑक्सिजन जातो कुठे? १९६१ साली अय्यर, इस्लाम आणि क्वास्टेल यांनी उत्तर दिलं, की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. म्हणजे ही धाप नव्हतीच. आत भट्टी पेटत होती.

तुम्ही पिकलेल्या जखमेतला पू पाहिला असेल. त्यात हिरवट झाक असते. ती झाक ज्या प्रथिनामुळे येते, ते १९४१ मध्ये स्वीडनमध्ये आग्नरने वेगळं काढलं होतं. सिअ‍ॅटलच्या सेमूर क्लेबानॉफने १९६० च्या दशकात दाखवलं, की हे प्रथिन पेरॉक्साइड आणि क्लोराइड यांच्या मदतीने जंतू मारतं. क्लोराइड म्हणजे मिठातलंच. त्यातून जे रसायन बनतं ते आपल्या ब्लीचिंगच्या पाण्याचं सख्खं भावंड. आपण फरशी पुसायला जे वापरतो, ते आपल्या पांढऱ्या पेशी कधीपासून वापरत आल्या आहेत.

खरा पुरावा मात्र आजारी मुलांकडून आला. १९५७ साली मिनेसोटामधल्या डॉक्टरांनी लहान मुलग्यांच्या एका आजाराचं वर्णन केलं. या मुलांना पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होत, गाठी येत आणि ती दगावत. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, प्रतिद्रव्यंही होती. काय कमी होतं ते कळेना. १९६७ मध्ये उलगडा झाला. या मुलांच्या पेशी जंतू गिळत होत्या, पण भट्टी पेटवू शकत नव्हत्या. गिळलेला जंतू आत जिवंत राही. आणि १९७३ साली बर्नार्ड बाबिओर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की निरोगी पांढऱ्या पेशी या भट्टीत आधी बनवतात तो सुपरऑक्साइडच. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी कोतवाल सापडला होता, तोच. दोन प्रवाह इथे भेटले. ज्याला आपण चोर म्हणत होतो, तो शिपायाच्या कमरेचं शस्त्र निघाला; आणि ज्या मुलांच्या शरीरात हा ‘दुष्ट’ रेणू बनत नव्हता, ती मुलं मरत होती.

इथून आपण कर्करोगाकडे वळू.

शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाशी काही करू शकते का, हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कचा शल्यविशारद विल्यम कोली याला जुन्या नोंदींत एक रुग्ण सापडला, ज्याच्या मानेवरची गाठ त्वचेच्या तीव्र जंतुसंसर्गाचा ताप येऊन गेल्यावर नाहीशी झाली होती. कोलीने १८९१ पासून मुद्दाम जंतू टोचून, आणि पुढे मेलेल्या जंतूंचं मिश्रण देऊन, गाठी विरघळवण्याचा प्रयत्न केला. काहींच्या गाठी खरोखर गेल्या, अनेकांच्या गेल्या नाहीत, आणि क्ष-किरणांच्या जमान्यात ही पद्धत मागे पडली. पॉल एर्लिखने १९०९ साली असं मांडलं, की शरीर स्वतःच कर्कपेशी दाबून ठेवत असावं, नाहीतर हा रोग कितीतरी जास्त दिसला असता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लुइस थॉमस आणि मॅकफार्लन बर्नेट यांनी या विचाराला सिद्धान्ताचं रूप दिलं. प्रतिकारशक्ती म्हणजे रात्रीची गस्त आणि कर्कपेशी म्हणजे अंधारात हालचाल करणारा इसम.

१९७४ साली या सिद्धान्ताला जबर धक्का बसला. ओसियास स्टटमनने थायमस नसलेल्या, म्हणजे ज्यांच्यात टी-पेशी नाहीत असं मानलं जात होतं अशा उंदरांना कर्करोग आणणारं रसायन दिलं. त्यांना इतर उंदरांपेक्षा जास्त कर्करोग झाला नाही. गस्त नाही, तरी चोऱ्या तेवढ्याच! सिद्धान्त कोसळला, असं पुष्कळांनी ठरवून टाकलं. आम्ही विद्यार्थ्यांना पिएर द्युएमचा एक विचार शिकवत असू, की प्रयोगात एकटा सिद्धान्त कधीच तपासला जात नाही, त्याच्यासोबत गृहीतकांची अख्खी वरात असते. इथे नेमकं तेच झालं. त्या उंदरांत थोड्या टी-पेशी होत्या, आणि नैसर्गिक मारक पेशी तर शाबूत होत्या. २००१ साली रॉबर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर उंदीर वापरले तेव्हा गस्तीचा सिद्धान्त सुधारलेल्या रूपात परत उभा राहिला.

दरम्यान आपली भट्टी काय करत होती? १९७५ साली क्लार्क आणि क्लेबानॉफ यांनी दाखवलं, की जंतू मारणारी पेरॉक्साइडची यंत्रणा वापरून पांढऱ्या पेशी कर्कपेशीही मारू शकतात. १९७९ साली कार्ल नेथन आणि सहकाऱ्यांनी बीसीजीने चेतवलेल्या भक्षक पेशी घेतल्या. होय, आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला टोचतात तीच बीसीजी. या पेशींनी कर्कपेशी मारल्या. पण पेरॉक्साइड नष्ट करणारं एन्झाइम मिश्रणात घातलं, की मारणं थांबलं. म्हणजे घाव पेरॉक्साइडचाच होता.

आता तुम्हीच विचार करा. कित्येक गाठींत भक्षक पेशी अक्षरशः ठासून भरलेल्या असतात. त्यांच्याकडे शस्त्र आहे, ते कर्कपेशीला मारतं हेही सिद्ध झालं आहे. मग गाठ का मरत नाही? पोलीस ठाण्यातच चोर सुखाने नांदावा, तसा हा प्रकार.

याचं उत्तर तुकड्यातुकड्याने आलं, आणि ते चक्रावणारं आहे. पहिला तुकडा नेथननेच १९९१ मध्ये दिला. मानवी कर्कपेशी स्वतःच, कुणी चेतवल्याशिवाय, भरपूर पेरॉक्साइड बनवतात. म्हणजे हे शस्त्र एकाच बाजूकडे आहे, ही समजूत गेली. कर्कपेशी या धगीत राहायला सरावलेली असते, कोतवाल-एन्झाइमंही ती वाढवून घेते. तिच्या अंगणात येणारा शिपाई तसा सरावलेला नसतो.

दुसरा तुकडा स्वीडनच्या गॉथेनबर्गमधून आला. तिथे क्रिस्टोफर हेलस्ट्रँड आणि सहकारी १९८० च्या दशकापासून नैसर्गिक मारक पेशींवर काम करत होते. भक्षक पेशी शेजारी ठेवल्या की मारक पेशी मलूल पडतात, आणि कारण निघालं भक्षक पेशींतून बाहेर पडणारे ऑक्सिजन-रेणू. जंतूवर फेकलेली आग शेजाऱ्याच्या घरावर पडत होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. हिस्टामिन दिलं की भट्टी मंदावते आणि मारक पेशी पुन्हा उभ्या राहतात, हेही त्यांना दिसलं. सर्दी-शिंका आणणारा म्हणून बदनाम असलेला पदार्थ इथे शिपायाच्या मदतीला आला! यातूनच रक्ताच्या एका कर्करोगासाठी, आजार आटोक्यात आल्यानंतर तो उलटू नये म्हणून, इंटरल्युकिन-२ च्या जोडीने हिस्टामिन देण्याचा उपचार निघाला. ३२० रुग्णांच्या चाचणीत आजार न उलटता जाणारा काळ वाढला, एकूण आयुर्मानात मात्र स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही. युरोपात २००८ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली.

तिसरा तुकडा टी-पेशींचा. टी-पेशीला शत्रूची खूण पटली, की तो निरोप आत पोहोचवणारी एक साखळी असते. १९९६ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की गाठीजवळच्या भक्षक पेशींमधले ऑक्सिजन-रेणू या साखळीतली एक कडीच नाहीशी करतात. शिपायाला चोर दिसतो, पण दिसल्याचं त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पुढे दिमित्री गॅब्रिलोविच आणि इतरांनी एका विशिष्ट जातीच्या पेशी ओळखल्या. अस्थिमज्जेतून निघालेल्या, पण पुरत्या वाढ न झालेल्या या पेशी गाठीच्या प्रभावाखाली येतात आणि टी-पेशींना दाबून टाकतात. २००७ मध्ये त्यांना रीतसर नाव मिळालं, ‘दमनकारी मायलॉइड पेशी’ असं आपण म्हणू. त्याच वर्षी आणखी एक बारकावा उघड झाला. या पेशींतला सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडशी मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनवतो, आणि ते टी-पेशीच्या खूण ओळखणाऱ्या भागावरच डाग पाडतं. मग खूण समोर असूनही पटत नाही. आपल्याकडे यासाठी नेमकी म्हण आहे, कुंपणच शेत खातं. आणि कुंपण शेत खातं ते त्याच काट्यांनी, जे गुरांना अडवण्यासाठी लावले होते.

इथे कुणी म्हणेल, ठरलं तर मग! गाठीतले हे रेणू पुसून टाका, टी-पेशी मोकळ्या होतील. थांबा. चौथा तुकडा बाकी आहे.

२०१३ साली शिकागोतल्या नवदीप चंदेल यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांच्या टी-पेशींतली मायटोकॉन्ड्रिया सुपरऑक्साइड नीट बनवू शकत नव्हती. शाळेच्या पुस्तकात तुम्ही जिला तंतुकणिका म्हणून वाचलं, पेशीचा वीजकारखाना, तीच ही. या टी-पेशींचं काय झालं? त्या जाग्याच होईनात. शत्रूची खूण पटल्यावर जागं होण्याचा जो हुकूम आत फिरतो, त्यातला एक निरोप्या हाच रेणू आहे. बाहेरून थोडं पेरॉक्साइड मिळालं तर हा दोष काही अंशी भरून निघत होता. क्योटोमध्ये तासुकु होन्जो, ज्यांना २०१८ चं नोबेल प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक सोडवण्याच्या कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन यांच्याबरोबर मिळालं, त्यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांवर दाखवलं, की टी-पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाला चेतवणारी आणि हे रेणू वाढवणारी काही रसायनं ब्रेक सोडवण्याच्या उपचाराला बळ देतात.

म्हणजे हिशेब असा झाला. हाच रेणू कर्कपेशीला मारतो. हाच मारक पेशीला मारतो. हाच टी-पेशीला झोपवतो आणि हाच तिला जागा करतो. इतकंच काय, मरणाऱ्या पेशीतून बाहेर पडणारं एक प्रथिन धोक्याची घंटा वाजवतं. पण २००८ मध्ये कळलं, की ऑक्सिजन-रेणूंनी त्यावर प्रक्रिया केली की तीच घंटा ‘सारं आलबेल’ म्हणू लागते.

आता वचन दिल्याप्रमाणे गोळ्यांकडे येऊ. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं निरीक्षण होतं. खलनायकाचा सिद्धान्त हाताशी होताच. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, काहींना इ जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती साधी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. लोकांना वाटलं, योगायोग असेल. अमेरिकेत १८,३१४ माणसांवर बीटा कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्वाची अशीच चाचणी चालू होती. ती १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे कर्करोग २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या तिसऱ्या चाचणीत इ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

इथे घाई करायची नाही. या चाचण्यांवरून ‘गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दुबळी केली’ असं सिद्ध होत नाही. २०१४ मध्ये गॉथेनबर्गला उंदरांवर दिसलं, की अँटिऑक्सिडंटमुळे कर्कपेशीच्या आतली धग कमी होते आणि तिला आवरणारं पी-५३ हे प्रथिन स्वस्थ बसतं. २०१५ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगावर दिसलं, की रक्तात सुटलेल्या कर्कपेशींना ऑक्सिजन-रेणूंची झळ लागते म्हणून त्यांतल्या बहुतेक मरतात, आणि अँटिऑक्सिडंट दिलं की त्या जगतात, दूरवर रुजतात. हे दुसरे प्रयोग तर प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदरांवरचे. म्हणून ते प्रतिकारशक्तीच्या खात्यावर मांडता येत नाहीत. एवढं मात्र पक्कं सांगता येतं, की गोळी रक्तात गेल्यावर ती कुणाचं घर वाचवायचं ते निवडत नाही. चांगल्या पेशीचं वाचवते, तसं कर्कपेशीचंही वाचवते.

आता आमच्या विषयाचं थोडं बोलून आवरतो. लुडविक फ्लेक नावाचा एक डॉक्टर होता, ल्वूव शहरातला. १९३५ साली त्याने वैज्ञानिक तथ्य कसं घडतं यावर पुस्तक लिहिलं. पुढे नाझींच्या छळछावण्यांतून तो वाचला. त्याचं म्हणणं असं, की विज्ञानात आपण उघड्या डोळ्यांनी बघतो असं वाटतं, पण बघतो ते आपल्या गटाने घडवलेल्या विचारशैलीतून. आणि त्याने उदाहरणच संसर्गाच्या कल्पनेचं दिलं. शरीर हा किल्ला, जंतू हा आक्रमक, ही लढाईची प्रतिमा त्याला अपुरी वाटत होती. आज आम्हीसुद्धा शिपाई, शस्त्र, चोर, गस्त असेच शब्द वापरले, कारण त्यांवाचून पटकन समजत नाही. पण या शब्दांची किंमत मोजावी लागते. लढाई म्हटलं की दोन बाजू आल्या, दोन बाजू आल्या की प्रत्येक रेणूला विचारलं जातं, तू कुणाचा? आणि हा रेणू कुणाचाच नाही. स्वयंपाकघरातला विस्तव कुणाच्या बाजूचा असतो? चुलीत असला तर भाकरी भाजतो, छपरावर गेला तर घर जाळतो, आणि विझला तर घर उपाशी.

वैशेषिक दर्शनात गुण द्रव्यात राहतो. चरकसंहितेचा कल जरा निराळा आहे. नीट योजलं तर विषही औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष होतं, असा विचार तिथे मांडलेला आहे. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सुपरऑक्साइड माहीत होतं, असा कुणी कृपा करून काढू नये. त्यांना माहीत नव्हतं. पण प्रश्न कसा विचारावा, याची ती एक चांगली पद्धत आहे. ‘हा रेणू चांगला की वाईट’ हा प्रश्न उत्तर देण्याजोगा नाही. कुठल्या पेशीत, किती, किती वेळ, आणि शेजारी कोण, हा प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे. गेली तीस-चाळीस वर्षं प्रयोगशाळा हळूहळू या दुसऱ्या प्रश्नाकडे आल्या. डब्यावरची जाहिरात अजून पहिल्याच प्रश्नावर आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : माझ्या आईची केमोथेरपी चालू आहे. नातेवाईक अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून देतात. द्याव्यात का?

उत्तर : ताई, हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि तो डबा सोबत घेऊन जा. आम्ही कारण तेवढं सांगतो. केमोथेरपीतली काही औषधं आणि किरणोपचार हे काही अंशी याच ऑक्सिजन-रेणूंच्या साह्याने कर्कपेशी मारतात. म्हणून डॉक्टरांच्या नकळत गोळ्या देणं बरं नाही. नातेवाइकांवर रागावू नका. ते प्रेमापोटीच आणतात. त्यांना फक्त गोष्ट अर्धी माहीत आहे.

प्रश्न : मग भाज्या-फळंही टाळायची का?

उत्तर : नाही, नाही! चाचण्यांत नुकसान दिसलं ते मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी, पानातल्या पालेभाजीने नव्हे. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर ते पाळा. एरवी गाजर खा, आवळा खा. गाजरात बीटा कॅरोटिन एकटं येत नाही, सोबत शेकडो पदार्थ घेऊन येतं. त्यातला एकच वेचून गोळीत भरला आणि त्याला नायक ठरवलं, तिथेच गोष्ट बिघडली.

वेळ संपली आहे.